नवं रूप दिलेलं वंशावळीचं संकेतस्थळ काहींकडेच मोडतं, आणि दुरुस्त करूनही पुन्हा मोडतं

तक्रारी साधारण अशा येतात. ‘आडनावांची सूची दिसते, पण शोधाचं बटण दाबलं की काहीच होत नाही.’ ‘माझ्या आयपॅडवर सगळी नावं एकमेकांना चिकटली आहेत.’ ‘मुलाच्या लॅपटॉपवर छान दिसतं, माझ्याकडे कोरं पान.’ संकेतस्थळ सांभाळणारे स्वयंसेवक आपापल्या संगणकावर तेच पान उघडतात, तर सगळं व्यवस्थित. मग कोणीतरी त्या एका पानात चार ओळी घालतं, तक्रार थांबते, आणि थोड्याच दिवसांत तीच तक्रार दुसऱ्या पानाबद्दल येते.

हे चक्र थांबत नाही, कारण दुरुस्ती पानागणिक आणि ब्राउझरगणिक होते, दोष मात्र सगळ्या पानांच्या सामाईक जागी असतो: सर्व्हरची मांडणी, पानाचा साचा, स्क्रिप्ट बांधण्याची पद्धत आणि माहिती साठवण्याची रीत. वंशावळीच्या स्वयंसेवी संकेतस्थळांना आणखी दोन गोष्टी भोवतात. एक, पानं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी बनलेली असतात. नव्वदच्या दशकातली फ्रेमवाली सूची आणि काल टाकलेली जनगणनेची यादी एकाच छपराखाली नांदतात. दोन, या माहितीत बुडालेले वाचक बहुधा वयाने मोठे आणि त्यांची उपकरणंही जुनी. त्यामुळे खाली ब्राउझरच्या नावांप्रमाणे न जाता दोष जिथे बसलेला असतो त्या जागांप्रमाणे जातो.

आधी तक्रार नीट समजून घ्या

‘कोणता ब्राउझर?’ हा प्रश्न पुरेसा नाही, कधीकधी तर दिशाभूल करणारा आहे. आयफोनवर क्रोम वापरणारा माणूस ‘क्रोम’ सांगेल, पण आयफोन-आयपॅडवरच्या क्रोम आणि फायरफॉक्सच्या आत सफारीचंच वेबकिट इंजिन (पान पडद्यावर उभारणारा भाग) असतं. (अपवाद: युरोपीय संघात २०२४ पासून आणि जपानमध्ये २०२५ च्या अखेरीपासून दुसऱ्या इंजिनाला मुभा आहे.) तेव्हा ‘आयपॅडवर क्रोममध्येही तसंच दिसतं’ म्हणजे दोन ब्राउझरांत तपासलं असं धरू नका. एकाच इंजिनात दोनदा तपासलं, एवढंच.

सर्व्हरच्या लॉगवरही (भेटींच्या नोंदींवरही) आंधळा विश्वास नको. २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून आयपॅडवरची सफारी स्वतःची ओळख मॅक म्हणून देते. विंडोज ११ वरचा क्रोम ‘विंडोज १०’ असंच सांगतो. म्हणजे लॉगमध्ये आयपॅड दिसत नाही म्हणून आयपॅडवाले वाचक नाहीतच, असा निष्कर्ष काढला तर नेमके तेच सुटतात.

त्याऐवजी विचारा: उपकरण कोणतं आणि साधारण किती जुनं? बिघाड सगळ्या पानांवर आहे की एकाच? खासगी खिडकीत उघडलं तरी तसंच का? आणि पडद्याचं चित्र मागवा. शेवटच्या दोन गोष्टींतच बराच शोध संपतो.

ब्राउझरवर ढकललेले, पण ब्राउझरचे नसलेले दोष

खासगी खिडकीत पान ठीक दिसलं तर दोष बहुधा साठवलेल्या जुन्या फाइलीचा आहे. नवं एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आलं, पण सीएसएस (दिसण्याचे नियम) मागच्या महिन्याची. वाचकाला ‘कंट्रोल धरून एफ-५ दाबा’ सांगून त्या दिवसाचं काम भागतं. पुढच्या बदलाला पुन्हा तेच. उपाय आपल्या बाजूला हवा: सीएसएस आणि स्क्रिप्टच्या फाइलींच्या नावातच आवृत्ती घाला, म्हणजे फाइल बदलली की नाव बदलेल आणि ब्राउझरला नवी आणावीच लागेल. एचटीएमएल पानांना मात्र दीर्घ साठवणीची मुदत देऊ नका.

दुसरा दोष अक्षरांचा. जुनी पानं विंडोज-१२५२ या जुन्या संकेतनात (अक्षरं आकड्यांत साठवण्याच्या पद्धतीत) टाइप केलेली, नवा सर्व्हर सगळं यूटीएफ-८ म्हणून पाठवतो. परिणामी स्वरचिन्हं असलेली युरोपीय आडनावं फुटतात. फुटण्याच्या तऱ्हेवरून कारण ओळखता येतं. एका अक्षराच्या जागी दोन विचित्र अक्षरं आली, तर यूटीएफ-८ मजकूर जुन्या संकेतनात वाचला जातोय. काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह आलं, तर उलट: जुना मजकूर यूटीएफ-८ समजून वाचला जातोय. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की सर्व्हरच्या शीर्षकात संकेतन सांगितलेलं असेल तर ते पानातल्या मेटा टॅगवर मात करतं. म्हणून पानात कितीही बरोबर लिहिलं तरी फरक पडत नाही आणि माणूस वेडा होतो.

आणि जिथे कुठेच संकेतन सांगितलेलं नाही, उदाहरणार्थ नोंदी उतरवून ठेवलेल्या साध्या मजकूर-फाइली, तिथे काही ब्राउझर मजकूर पाहून अंदाज बांधतात, तर काही ठरलेलं गृहीत धरून चालतात. ‘एका ब्राउझरमध्ये बरोबर, दुसऱ्यात चूक’ ही तक्रार इथून येते. फाइली एकदाच यूटीएफ-८ मध्ये बदला, सर्व्हरलाही तेच सांगा. बदलण्याआधी प्रत्येक फाइलीचं मूळ संकेतन तपासा. आधीच यूटीएफ-८ असलेली फाइल पुन्हा बदलली तर नावं दुप्पट फुटतात. जेडकॉम (वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्याच्या) फाइली चढवण्याची सोय असेल तर तिथे आणखी एक जुना पाहुणा भेटतो: आन्सेल. जेडकॉम ५.५ च्या काळातल्या प्रोग्रॅमांनी बनवलेल्या फाइलींत हे संकेतन सापडतं आणि कोणताही ब्राउझर ते वाचत नाही. त्याचं रूपांतर सर्व्हरवरच करावं लागतं.

तिसरा दोष फाइलनावांतल्या लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा. विंडोज सर्व्हरवर चालणारा दुवा लिनक्सवर ‘पान सापडलं नाही’ देतो. हा सगळ्यांनाच दिसतो, म्हणून लवकर सापडतो.

सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राचा दोष मात्र फसवा आहे. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत प्रमाणपत्रं जुन्या उपकरणांवर ज्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर चालत, ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. तेव्हापासून आयओएस १० च्या आधीचे आयफोन आणि मॅकओएस १०.१२ च्या आधीचे मॅक अशा संकेतस्थळांवर धोक्याची पाटी दाखवतात. त्याच जुन्या मॅकवर फायरफॉक्स बहुधा नीट चालतो, कारण तो मूळ प्रमाणपत्रांची स्वतःची यादी बाळगतो. ‘सफारीत उघडत नाही, फायरफॉक्समध्ये उघडतं’ असं ऐकलं की सीएसएस उघडण्याआधी हे तपासा.

मांडणी मोडते ती कुठे

पहिली तपासणी डॉकटाइपची, म्हणजे पान कोणत्या नियमांनी वाचायचं हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीची. जुनी पानं नव्या साच्यात ओतताना कित्येकदा साच्याच्या आत जुन्या पानाचं पूर्ण डोकं-धड येतं, किंवा डॉकटाइपच्या ओळीआधी काहीतरी छापलं जातं. डॉकटाइप पहिल्या जागी नसला की ब्राउझर जुन्या चुका मुद्दाम जपणाऱ्या अवस्थेत जातो, आणि तक्त्यांतली अक्षरं, चौकटींची मापं, सगळं थोडं थोडं हलतं. फायरफॉक्समध्ये पानाच्या माहितीच्या खिडकीत ही अवस्था लिहिलेली असते. अशी पानं शोधून डॉकटाइप दुरुस्त केला तर बाकीच्या अर्ध्या युक्त्या काढून टाकता येतात.

आता ती चिकटलेली नावं. कारण जवळजवळ नेहमी एकच: फ्लेक्स या सीएसएस मांडणीतला ‘गॅप’, म्हणजे घटकांमधलं अंतर. फायरफॉक्समध्ये तो २०१८ पासून आहे, क्रोममध्ये ८४ व्या आवृत्तीपासून म्हणजे २०२० पासून, आणि सफारीत १४.१ पासून, म्हणजे २०२१ मध्ये. पहिला आयपॅड एअर, आयपॅड मिनी २ आणि ३ हे आयओएस १२ च्या पुढे जाऊच शकत नाहीत. त्यांच्यावर नावांमधलं अंतर शून्य.

यावर बहुतेक जण ‘सपोर्ट्स’ नियमाने ‘गॅप’ आहे का ते विचारतात, आणि तिथेच फसतात. जुनी सफारी ‘हो’ म्हणते, कारण ग्रिड मांडणीत तिला ‘गॅप’ येतो. फ्लेक्समध्ये येत नाही, हे त्या प्रश्नातून कळत नाही. जुन्या ब्राउझरांसाठी सीएसएसला उपसर्ग जोडणारं ऑटोप्रिफिक्सर हे साधनही इथे मदत करत नाही. साधा मार्ग हा, की नावांच्या याद्यांना आणि मेनूला ‘मार्जिन’च द्या, नाहीतर तीच मांडणी ग्रिडने करा. दिसायला फरक नाही, आणि हा विषय कायमचा मिटतो.

‘हॅज’ हा निवडक (नियम कोणत्या घटकाला लागू ते ठरवणारी खूण) असाच लोकप्रिय झालाय. फायरफॉक्समध्ये तो डिसेंबर २०२३ मध्ये, १२१ व्या आवृत्तीत आला. सीएसएसचा नियम असा, की स्वल्पविरामाने जोडलेल्या निवडकांपैकी एक जरी ब्राउझरला कळला नाही तरी तो अख्खा नियम रद्द. म्हणजे ‘हॅज’ मुळे त्याच्या शेजारचे साधे, जुने निवडकही मरतात. त्याला वेगळ्या नियमात ठेवा. नेस्टिंगचंही, म्हणजे नियमाच्या आत नियम लिहिण्याचंही तसंच. विंडोज ७ वर चालणारा शेवटचा क्रोम १०९ आणि फायरफॉक्सची शेवटची शाखा ११५; नेस्टिंग क्रोममध्ये ११२ ला आणि फायरफॉक्समध्ये ११७ ला आलं. त्यामुळे नेस्टिंग वापरून लिहिलेली सीएसएस जशीच्या तशी पाठवली तर विंडोज ७ वाल्या वाचकाला दोन्हीकडे नुसता उघडावाघडा मजकूर दिसतो. लिहिताना खुशाल वापरा, पण पाठवण्याआधी ती सपाट करणारं साधन मध्ये बसवा.

उतरवलेल्या नोंदी मोकळ्या जागा देऊन रकान्यांत बसवलेल्या असतात, त्याकडे नव्या रूपाची आखणी करणाऱ्यांचं लक्षच नसतं. सगळ्या पानाला एक देखणा टंक लावला की रकाने कोसळतात, आणि कोणाचं वय कोणाच्या नावासमोर आलं ते कळेनासं होतं. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही, नोंदच चुकीची वाचली जाते. अशा मजकुराला ‘प्री’ टॅग, समान रुंदीचा टंक आणि आडवं सरकवण्याची सोय द्या. ओळी मोडू देऊ नका. आयफोन रुंद मजकुराची अक्षरं स्वतःहून मोठी करतो, तेव्हा ‘टेक्स्ट-साइझ-अॅडजस्ट’ शंभर टक्क्यांवर ठेवा, वेबकिटच्या उपसर्गासकट.

सूचीतल्या अक्षरावर क्लिक केल्यावर पहिली दोन आडनावं वर चिकटून राहणाऱ्या मेनूपट्टीखाली लपत असतील तर ‘स्क्रोल-मार्जिन-टॉप’ द्या. एवढंच.

शोधाचं बटण मेलं

जावास्क्रिप्टमध्ये ब्राउझरला न कळणारं एक जरी व्याकरणचिन्ह असलं तरी ती पूर्ण फाइल चालत नाही. सीएसएस न कळलेली ओळ सोडून पुढे जाते. जावास्क्रिप्ट पहिल्याच ओळीला सुद्धा हात लावत नाही. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे प्रश्नचिन्ह आणि टिंब जोडून लिहिलेली ऑप्शनल चेनिंग. क्रोम ८०, फायरफॉक्स ७४ आणि सफारी १३.१ यांच्या आधी ती नाही. तिन्ही २०२० मधल्या. आयओएस १२ च्या आयपॅडवर मेनू, शोध, वंशवृक्ष, सगळं एकदम बंद पडतं, कारण सगळं एकाच फाइलीत बांधलेलं असतं. आणि ते चिन्ह आपण लिहिलेलं असेलच असं नाही. बाहेरून आणलेल्या एखाद्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीतून ते येतं, म्हणून ‘आम्ही काहीच बदललं नाही’ हेही खरं असतं. बांधणीच्या साधनाला लक्ष्य-ब्राउझरांची यादी देताना बाहेरच्या लायब्ररीही त्या रूपांतरातून जातात ना, ते पाहा. अनेक मांडण्यांत त्या मुद्दाम वगळलेल्या असतात.

पण माझं मत विचाराल तर शोध जावास्क्रिप्टवर टांगूच नये. आडनावाची चौकट आणि बटण हा साधा एचटीएमएल फॉर्म असावा, सर्व्हरने उत्तराचं पान द्यावं. टाइप करता करता नावं सुचवण्याची गंमत वरून लावा; ती पडली तरी शोध चालला पाहिजे.

तारखा: इथे ब्राउझर माहितीच खातो

नव्या रूपात नोंद दुरुस्तीच्या फॉर्मला तारखेसाठी ब्राउझरची तयार तारीखचौकट लावली जाते, कारण कॅलेंडर उघडतं आणि छान दिसतं. वंशावळीत ती लावू नये, यावर मी ठाम आहे. ती चौकट वर्ष-महिना-दिवस एवढंच पूर्ण मूल्य स्वीकारते. मूल्य वैध नसेल तर प्रमाणानुसार ब्राउझरने ते रिकामं करायचं असतं. आता नोंदीत ‘सुमारे १८७०’ आहे, किंवा नुसतंच ‘१८८५’. स्वयंसेवक आडनावातली एक चूक सुधारायला फॉर्म उघडतो. तारखेची चौकट कोरी दिसते, त्याचं तिकडे लक्ष नाही, तो जतन करतो. तारीख गेली.

आणि यातली गंमत अशी, की जुन्या ब्राउझरांत हे होत नाही. मॅकवरच्या १४.१ च्या आधीच्या सफारीला तारीखचौकट माहीतच नव्हती, म्हणून ती साधी मजकुराची चौकट दाखवायची आणि ‘सुमारे १८७०’ शाबूत राहायचं. त्यामुळे ‘जुन्या मॅकवरून दुरुस्ती केली की टिकते, नव्यावरून केली की तारखा गायब होतात’ अशी चक्रावणारी तक्रार येते आणि सगळे डेटाबेसवर संशय घेतात.

दाखवतानाही घोळ आहे. पूर्ण तारीख वर्ष-महिना-दिवस या रूपात जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टला दिली की ती जागतिक प्रमाणवेळेची मध्यरात्र मानली जाते. वाचक ग्रीनिचच्या पश्चिमेला, उदाहरणार्थ अमेरिकेत असेल तर त्याच्या पडद्यावर १२ मार्चचा जन्म ११ मार्चला सरकतो. एकाच नोंदीबद्दल दोन नातेवाईक वेगवेगळी जन्मतारीख सांगून भांडत असतील तर आधी हे पाहा. तीच तारीख मोकळी जागा सोडून वेळेसकट दिली तर क्रोम समजून घ्यायचा आणि जुनी सफारी ‘अवैध तारीख’ म्हणायची. प्रमाणाबाहेरच्या रूपांबाबत प्रत्येक ब्राउझर आपल्या मर्जीचा मालक आहे.

ऐतिहासिक तारखा तर डेट ऑब्जेक्टमध्ये बसतच नाहीत. तो सगळा भूतकाळ ग्रेगोरियन पंचांगाने मोजतो. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत ज्युलियन पंचांग होतं, आणि त्यात १७०० हे लीप वर्ष होतं. म्हणजे २९ फेब्रुवारी १७०० ची दफननोंद तिथे पूर्णपणे खरी असू शकते, पण ती सुट्या आकड्यांनी दिली तर संगणक १ मार्च दाखवतो, आणि तारीखचौकट तिला पुसून टाकते. त्याच काळात तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदी ‘१७३१/३२’ अशा दुहेरी वर्षाने लिहितात. स्वीडनमध्ये तर १७१२ साली ३० फेब्रुवारीसुद्धा होऊन गेला.

उपाय: तारीख मूळ नोंदीत आहे तशी मजकूर म्हणून साठवा आणि तशीच दाखवा. क्रम लावण्यासाठी वर्ष, महिना, दिवस हे तीन वेगळे आकडे ठेवा, कोणताही रिकामा राहू शकेल असे. सर्व्हरने बनवलेला मजकूर ब्राउझर फक्त छापेल. मग ब्राउझर कोणता हा प्रश्नच उरत नाही. आधीच गायब झालेल्या तारखा जुन्या बॅकअपशी ताडून परत आणता येतात. नव्या फॉर्मनंतर जतन झालेल्या आणि तारीख कोरी असलेल्या नोंदी तेवढ्या वेगळ्या काढा.

आणखी काही

छायाचित्रं आणि नोंदवह्यांच्या प्रती वेबपी या चित्र-प्रकारात असतील तर आयओएस १४ च्या आधी त्या दिसत नाहीत. ‘पिक्चर’ टॅगमध्ये शेवटी जेपेग ठेवा. मोठा वंशवृक्ष कॅनव्हासवर (स्क्रिप्टने रंगवायच्या फलकावर) काढत असाल तर बऱ्याच आयफोन-आयपॅडवर त्याच्या क्षेत्रफळाला मर्यादा आहे: १,६७,७७,२१६ पिक्सेल, म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६. त्यापुढे चित्र कोरं येतं. लहान घराण्यांचं झाड दिसतं आणि मोठ्यांचं दिसत नाही, त्याचं कारण हे. एसव्हीजी (रेषांनी वर्णन केलेलं चित्र) वापरा किंवा तुकड्यांत काढा.

‘मी जपून ठेवलेली नावांची यादी नाहीशी होते’ ही तक्रार सफारीवाल्यांची असेल तर तो बिघाड नाही, धोरण आहे. मार्च २०२० पासून सफारी स्क्रिप्टने साठवलेली माहिती, वाचक सफारी वापरत असूनही सात दिवस त्या संकेतस्थळावर फिरकला नाही तर पुसते. यादी सर्व्हरवर ठेवा, नाहीतर फाइल म्हणून उतरवून घेण्याची सोय द्या.

‘तुमचा ब्राउझर अद्ययावत करा’ ही पाटी मात्र लावू नका. आयपॅडवर ब्राउझर प्रणालीबरोबर येतो आणि ती प्रणाली त्या उपकरणावर पुढे जात नाही. वाचकाने करायचं काय? इंटरनेट एक्सप्लोररचा आधार १५ जून २०२२ ला संपला, त्यासाठी जीव काढू नका. आयओएस १२ आणि विंडोज ७ वरचे शेवटचे ब्राउझर ही खालची रेघ धरा: तिथे शोध चालावा, नोंद उघडावी, वाचता यावी. रंग, सावल्या, हालचाली नसल्या तरी चालेल. एखाद्या स्वयंसेवकाच्या कपाटात पडलेला जुना आयपॅड चाचणीसाठी मागून घ्या. संगणकावर आयपॅडची नक्कल करणाऱ्या खिडकीत यातलं बरंचसं दिसत नाही. सामाईक दुरुस्ती झाली की पानापानांत पेरलेल्या जुन्या चार-चार ओळी शोधून काढून टाका, नाहीतर पुढचा बिघाड त्यांच्यातूनच येईल.

छपाईही तपासा, कारण हे वाचक पानं छापून फाइलीत लावतात. फक्त पहिलंच पान छापलं जातं अशी तक्रार असेल तर बाहेरच्या चौकटीला पडद्याएवढी उंची देऊन बाकीचं लपवलेलं असतं. छपाईच्या सीएसएसमध्ये ती उंची ‘ऑटो’ आणि ओव्हरफ्लो ‘व्हिजिबल’ करा, वरची मेनूपट्टी सुटी करा, आणि पानाचा पत्ता तळाशी छापला जाईल असं पाहा.